कार्यालयात सण साजरा करताना: ही जबाबदारी प्रथमच घेणाऱ्यांसाठी

नव्या नोकरीत रुजू होऊन दोन-तीन महिने झाले की बहुतेकांच्या वाट्याला असे एक काम येते, ज्याचा नेमणूकपत्रात कुठेही उल्लेख नसतो. ‘तुम्ही नवीन आहात, हौशी आहात, यंदाच्या सणाचे तुम्हीच बघा,’ असे कोणीतरी सहज सांगून जाते आणि मग सजावट, खाणे, निमंत्रण, वर्गणी असे सगळे एकदम अंगावर येते. हे काम वरवर पाहता हलकेफुलके वाटते. तथापि घरच्या सणाला आलेला माणूस आपल्या इच्छेने आलेला असतो, तर कार्यालयातली माणसे कामासाठी जमलेली असतात आणि तिथून उठून जाणे त्यांना तितकेसे सोपे नसते. त्यामुळे असा कार्यक्रम चांगला झाला की नाही हे ठरवताना मी सजावटीकडे फारसे पाहत नाही. ज्याला सहभागी व्हायचे नव्हते त्याला ते किती सहज, कोणाच्या नजरेत न येता जमले, हे पाहतो. पुढील पायऱ्या त्याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

पहिली पायरी: नियम आणि जुना रिवाज जाणून घ्या

सर्वप्रथम मनुष्यबळ विभागाला तीन प्रश्न विचारावेत: अशा कार्यक्रमांबाबत लेखी धोरण आहे का, त्यासाठी स्वतंत्र निधी आहे का, आणि जागेची परवानगी कोण देते. त्यानंतर जुन्या सहकाऱ्यांकडून मागील दोन-तीन वर्षांत काय काय झाले ते विचारून घ्यावे, कारण न लिहिलेले नियम त्यांच्याच तोंडून कळतात. हा केवळ शिष्टाचाराचा विषय नाही, हेही ध्यानात असू द्यावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८ सालच्या १११ क्रमांकाच्या करारात नोकरीतील भेदभावाचे जे सात आधार सांगितले आहेत, त्यांत धर्माचा स्पष्ट समावेश आहे. म्हणूनच ‘एकाच धर्माचे सण धडाक्यात आणि बाकीच्यांचे नावही नाही’ अशी तक्रार आली, तर तिला रुसवा म्हणून बाजूला सारता येत नाही.

दुसरी पायरी: तारखांचा अभ्यास

नवख्या संयोजकांच्या सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या पायरीवर थोडा अधिक वेळ घालवावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सुट्टीच्या रकान्यात छापलेले सण म्हणजेच सगळे सण, अशी समजूत आधी सोडावी. सणांच्या तारखा वेगवेगळ्या कालगणनांनुसार ठरतात आणि प्रत्येक कालगणनेची चाल निराळी असते.

इस्लामी हिजरी वर्ष पूर्णतः चांद्र असून ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान आणि दोन्ही ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतात. त्यातही अनेक ठिकाणी महिन्याचा आरंभ चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने रमजान ईदचा नेमका दिवस आदल्या संध्याकाळीच निश्चित होतो. हिंदू पंचांगात चांद्र महिन्यांची सौर वर्षाशी सांगड घालण्यासाठी साधारणपणे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो, म्हणून तिथीनुसार येणारे सण इंग्रजी तारखांमध्ये महिनाभराच्या पट्ट्यात मागेपुढे होतात. २०२३ साली अधिक श्रावण आला होता आणि त्यानंतरचे सारे सण बरेच पुढे गेले होते, हे अनेकांना आठवत असेल. ज्यू कालगणनाही अशीच सांगड घालते. तिथे एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना धरला जातो. शिवाय ज्यू दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्याने सण दिनदर्शिकेतल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. ज्या सहकाऱ्याला त्या संध्याकाळी लवकर घरी पोहोचायचे आहे, त्याच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतला ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात कोणत्याही रविवारी येऊ शकतो. ज्युलियन दिनदर्शिका पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळ ७ जानेवारीला येतो, कारण सध्या त्या दिनदर्शिकेत आणि आपल्या रोजच्या दिनदर्शिकेत तेरा दिवसांचे अंतर आहे. बुद्धपौर्णिमा वैशाखी पौर्णिमेला, तर नवरोज हा इराणी नववर्षाचा सण वसंत संपाताच्या सुमारास, म्हणजे २० किंवा २१ मार्चला साजरा होतो.

हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. वर्षाच्या सुरुवातीला एक साधा तक्ता करावा आणि त्यात प्रत्येक सणापुढे तारीख, ती पक्की आहे की अंदाजे, सण आदल्या संध्याकाळी सुरू होतो का, आणि त्या दिवशी उपवास असतो का, एवढे चार रकाने ठेवावेत. हा तक्ता सर्वांना पाठवून ‘काही राहिले असल्यास कळवावे’ अशी विनंती करावी. कोण कोणत्या धर्माचा आहे याची यादी मात्र चुकूनही करू नये. आडनाव, पेहराव किंवा डब्यातले पदार्थ यांवरून धर्माचा अंदाज बांधणे तर त्याहून वाईट. तो अंदाज चुकला तर तुम्हाला ओशाळावे लागते आणि बरोबर निघाला तरी समोरच्याला अवघडल्यासारखे होते.

तिसरी पायरी: ज्यांचा सण, त्यांना आधी विचारा

एखाद्या समाजाचा सण कार्यालयात साजरा करण्याचे ठरले, तर तो सण पाळणाऱ्यांचे मत आधी घ्यावे. हे ऐकायला अगदी उघड वाटते, तरीही बहुतेक ठिकाणी सजावटीचे सामान आल्यावरच त्यांना विचारले जाते. त्यांना कार्यक्रम हवा आहे का, कोणती गोष्ट टाळावी, कोणती गोष्ट त्यांच्या दृष्टीने केवळ शोभेची आहे आणि कोणती पवित्र आहे, हे शांतपणे ऐकून घ्यावे. एकाच धर्मातही पंथ, कुटुंब आणि प्रदेश यांनुसार पद्धती बदलतात, म्हणून एकाचे उत्तर सगळ्यांचे मानू नये.

इथे एक सावधगिरी बाळगावी. कार्यालयात एखाद्या धर्माची व्यक्ती एकटीच असेल, तर तिला त्या धर्माची प्रवक्ती बनवू नये. ‘तुमच्या सणाविषयी सर्वांसमोर दहा मिनिटे बोला’ ही विनंती आपल्याला आपुलकीची वाटते, पण ऐकणाऱ्याला ती परीक्षेसारखी वाटू शकते. ती व्यक्ती स्वतःहून बोलायला तयार असेल तर उत्तमच, अन्यथा विषय तिथेच सोडावा.

चौथी पायरी: धार्मिक विधी आणि स्नेहमेळावा वेगळे ठेवा

संपूर्ण नियोजनातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे. सजावट, खाणे, खेळ, शुभेच्छा, सणाची माहिती या गोष्टींत वेगळ्या श्रद्धेचा किंवा कोणतीही श्रद्धा नसलेला माणूसही सहसा संकोच न बाळगता सामील होऊ शकतो. पूजा, प्रार्थना, आशीर्वाद, कपाळाला काही लावणे, मनगटाला धागा बांधणे या गोष्टींचे तसे नाही. काहींच्या श्रद्धेत दुसऱ्या धर्माच्या उपासनेत भाग घेणे निषिद्ध मानलेले असते, तर काहींनी विचारपूर्वक सर्वच उपासनांपासून अंतर राखलेले असते.

कार्यक्रमाचा आरंभ दहा मिनिटांच्या प्रार्थनेने होतो आणि सगळे उभे राहतात, अशी कल्पना करा. ज्याला प्रार्थना करायची नाही, त्याच्यापुढे खोटेपणाने मान खाली घालून उभे राहणे आणि भर सभेतून बाहेर पडणे, एवढे दोनच मार्ग उरतात, आणि दोन्ही अपमानास्पद आहेत. यावर उपाय सोपा आहे. सण पाळणाऱ्या सहकाऱ्यांना प्रार्थना किंवा पूजा करायची असल्यास ती स्वतंत्र खोलीत, स्वतंत्र वेळी ठेवावी आणि तिची वेळ निमंत्रणात स्पष्ट लिहावी. विधी तीन वाजता आणि स्नेहमेळावा साडेतीनला असेल, तर साडेतीनला येणाऱ्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. विधीनंतर वाटण्याच्या पदार्थांबाबतही हेच पथ्य पाळावे. ते टेबलाटेबलावर जाऊन हातात ठेवू नयेत, कारण हातात आलेली वस्तू नाकारणे फार कठीण असते. एका बाजूला वेगळ्या टेबलावर, ते काय आहे हे लिहून ठेवावेत. ज्याला हवे तो घेईल.

ही विभागणी केली की सणाचा आत्माच हरवतो, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो मला पटत नाही. ज्यांना विधी मनापासून करायचा असतो, त्यांनाही चहाच्या कपांच्या खणखणाटापेक्षा शांत खोलीच बरी वाटते.

पाचवी पायरी: निमंत्रण

निमंत्रणाच्या भाषेत ‘सर्वांनी आवर्जून उपस्थित राहावे’ हे ठरलेले वाक्य टाळावे, कारण वरिष्ठांच्या सहीनिशी आले की ते आदेशासारखे वाचले जाते. त्याऐवजी असे काहीसे लिहिता येईल: ‘गुरुवारी दुपारी साडेतीन ते साडेचार या वेळेत उपाहारगृहात सणानिमित्त खाणे आणि गप्पा आहेत. ज्यांना यावेसे वाटेल त्यांचे स्वागत आहे. येणे ऐच्छिक असून हजेरी घेतली जाणार नाही. सण पाळणारे काही सहकारी त्याआधी तीन वाजता छोट्या सभाकक्षात प्रार्थना करतील.’ खाण्यासाठी माणसांचा आकडा हवा असल्यास नाव न विचारता फक्त संख्या घ्यावी.

पेहरावाची अट घालू नये. सुचवायचेच असेल तर एखादा रंग सुचवावा आणि तोही ‘जमल्यास’ असे लिहून. उत्कृष्ट वेशभूषेच्या स्पर्धेत दुसऱ्या समाजाची धार्मिक वस्त्रे गंमत म्हणून घातली जाण्याचा धोका असतो, म्हणून ती स्पर्धा मी यादीतून काढूनच टाकतो.

सहावी पायरी: पैसे

वर्गणी हा कार्यालयीन सणांमधला न बोलला जाणारा त्रास आहे. शक्यतो खर्च संस्थेच्या निधीतून व्हावा आणि कोणत्याही सणासाठी एकच नियम लागू असावा, म्हणजे ‘त्यांच्यासाठी इतके आणि आमच्यासाठी एवढेच’ हा हिशेब सुरूच होत नाही. वर्गणी काढणे अपरिहार्य असेल, तर बंद डबा किंवा पाकीट ठराविक ठिकाणी ठेवावे, अमुक रक्कम द्यावी असे सुचवू नये, आणि देणाऱ्यांच्या नावांची यादी फलकावर किंवा गटसंदेशात कधीही लावू नये. ती यादी न देणाऱ्यांचीही असते, हे सर्वांना कळते. वही घेऊन प्रत्येकाच्या जागेपाशी जाणे टाळावे आणि वरिष्ठांनी तर स्वतः वर्गणी गोळा करूच नये.

सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक, कंत्राटी कामगार आणि प्रशिक्षणार्थी यांच्याकडून वर्गणी मागू नये, मात्र निमंत्रण त्यांना अवश्य द्यावे. पुष्कळदा हीच मंडळी दिवसभर खुर्च्या मांडतात, खाणे वाढतात आणि सगळे पांगल्यावर पसारा आवरतात, आणि छायाचित्रात मात्र कुठेच नसतात. वाढण्याच्या आणि आवरण्याच्या पाळ्या संयोजकांनी आपसांत वाटून घ्याव्यात. खर्च संपल्यावर एक पानाचा हिशेब सर्वांना पाठवावा आणि उरलेल्या रकमेचे काय केले तेही त्यात लिहावे.

सातवी पायरी: खाणे

‘शाकाहारी ठेवले म्हणजे सगळ्यांचे भागते’ हे गृहीतक अर्धेच खरे आहे. जेलीच्या गोळ्या, मार्शमेलो आणि काही मिष्टान्ने यांत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडांपासून व कातडीपासून बनवले जाते. काही चीजमध्ये वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरलेले असते. गडद लाल रंगासाठी कधी कधी कारमाइन नावाचा कीटकजन्य रंग घातला जातो आणि वेष्टनावर तो ‘ई १२०’ या क्रमांकाने नोंदलेला असतो. केकमध्ये किंवा त्यात घातलेल्या स्वादाच्या अर्कात मद्य असू शकते. अनेक जैन सहकारी कांदा, लसूण आणि कंदमुळे खात नाहीत, तर कित्येक जण सूर्यास्तानंतर काहीच घेत नाहीत. मुस्लिम सहकाऱ्यांना मांस हलाल आहे का आणि ज्यू सहकाऱ्यांना अन्न कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माच्या आहारनियमांना धरून, आहे का, हे कळणे आवश्यक असते. ज्यूंच्या पेसाह सणात सात किंवा आठ दिवस आंबवलेल्या धान्याचे पदार्थ वर्ज्य असतात. शेंगदाणे, काजू, तीळ, दूध आणि गहू यांच्या अ‍ॅलर्जीचा प्रश्न तर श्रद्धेपलीकडचा असून काहींच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

एवढ्या सगळ्यांचे समाधान एकाच ताटात करण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक पदार्थाशेजारी त्यातील घटकांची चिठ्ठी ठेवावी, वेगवेगळ्या पदार्थांसाठी वेगळे चमचे ठेवावेत, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची टेबले वेगळी असावीत, आणि बंद वेष्टनातले काही पदार्थ व फळे नेहमी ठेवावीत. घटकांची चिठ्ठी वाचून माणूस स्वतःच निर्णय घेतो आणि कोणालाही ‘यात काय आहे?’ असे चारचौघांत विचारावे लागत नाही. मद्य कार्यालयीन सणाच्या कार्यक्रमात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपवास करणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. रमजानच्या रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाणीही वर्ज्य असते. ज्यूंच्या योम किप्पूरला सुमारे पंचवीस तास अन्नपाणी घेतले जात नाही. बहाई धर्माचे सहकारी नवरोजच्या आधीचे एकोणीस दिवस सूर्योदय ते सूर्यास्त उपवास करतात. अशा काळात जेवणाच्या वेळी बैठक ठेवू नये, महत्त्वाचे काम शक्यतो सकाळी उरकावे आणि स्नेहभोजन पुढे ढकलावे. ‘तुम्ही आज उपवास का केला नाही?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. आजारपण, प्रवास, गर्भारपण, मासिक पाळी अशा अनेक कारणांनी सूट मिळते आणि ती कारणे कार्यालयात सांगण्याची सक्ती कोणावरही होता कामा नये.

आठवी पायरी: जागा आणि सुरक्षितता

खऱ्या मेणबत्त्या आणि पणत्यांऐवजी बॅटरीवर चालणारे दिवे वापरावेत. उदबत्ती किंवा धूप लावण्यापूर्वी इमारतीच्या व्यवस्थापकांशी बोलावे, कारण धूरसूचक यंत्रणा वाजली तर संपूर्ण इमारत रिकामी करावी लागते. हे मी स्वानुभवाने सांगतो. त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या हौसेपायी इतर मजल्यांवरचे अनोळखी लोक अर्धा तास उन्हात उभे होते. धुराचा त्रास दम्याच्या रुग्णांनाही होतो. तोरणे आणि पडदे आपत्कालीन दारांवर, अग्निशामक नळकांड्यांवर किंवा पाण्याच्या फवारणी-तोट्यांवर लावू नयेत, आणि एका विजेच्या जोडपट्टीत (एक्स्टेंशन बोर्डात) दुसरी जोडपट्टी खोचून रोषणाईची माळ लांबवू नये.

नववी पायरी: शुभेच्छा

प्रत्येक धार्मिक दिवस आनंदाचा नसतो. इसवी सन ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन यांना हौतात्म्य आले, त्या आशुराच्या दिवशी शिया मुस्लिम शोक पाळतात. गुड फ्रायडे हा येशू ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूचा स्मरणदिन आहे. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस आहे. या दिवशी रंगीबेरंगी शुभेच्छापत्र पाठवणे म्हणजे शोकघरी जाऊन अभिनंदन करण्यासारखे आहे. नेमके काय म्हणावे हे ठाऊक नसेल, तर ‘आज तुमचा महत्त्वाचा दिवस आहे असे कळले, तुमची आठवण झाली’ एवढे पुरेसे असते. श्वेतांबर जैन परंपरेत पर्युषणाच्या अखेरच्या दिवशी, संवत्सरीला, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून वर्षभरातल्या चुकांबद्दल क्षमा मागितली जाते. वर्षभर एकाच कामावरून खटके उडालेल्या सहकाऱ्याकडून असा संदेश आला, तर त्याला नुसते अंगठ्याचे चिन्ह पाठवून बोळवण करू नये, दोन शब्द लिहावेत.

दहावी पायरी: रजा आणि पाळ्या

खरे तर अनेक सहकाऱ्यांना कार्यालयातल्या समारंभापेक्षा सणाच्या दिवशी घरी असणे अधिक मोलाचे वाटते. संस्थेत ऐच्छिक सुट्ट्यांची सोय असेल तर तक्त्यासोबत तिची आठवण द्यावी. नसेल तर पाळ्यांच्या अदलाबदलीची पद्धत सुचवावी: ज्याचा सण आज नाही त्याने आज काम सांभाळावे आणि त्याच्या सणाला दुसऱ्याने. मात्र ‘तुम्हाला काय, तुमचा सण नाही’ असे म्हणत दर वेळी त्याच माणसाला कामाला बसवले जात नाही ना, यावर लक्ष ठेवावे. रात्रपाळीतल्या आणि घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी उरलेले खाणे राखून ठेवणे म्हणजे त्यांना कार्यक्रमात सामावून घेणे होत नाही. वर्षातला किमान एखादा कार्यक्रम त्यांच्या वेळेनुसार ठेवावा.

तुम्हाला स्वतःला सहभागी व्हायचे नसेल तर

संयोजनाची जबाबदारी नाकारण्याचाही तुम्हाला अधिकार आहे. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक नाताळ आणि वाढदिवसही साजरे करत नाहीत. कोणी निरीश्वरवादी असते, कोणाच्या घरी त्या वर्षी दुःखद घटना घडलेली असते, आणि कोणाला गर्दीच नकोशी वाटते. नकार थोडक्यात आणि प्रसन्नपणे द्यावा: ‘निमंत्रणाबद्दल आभारी आहे. मी या कार्यक्रमात भाग घेत नाही, पण तुमचा कार्यक्रम छान होवो.’ पुढे कारण जोडू नये, कारण एकदा कारण दिले की त्यावर चर्चा सुरू होते. त्याऐवजी सर्वांसाठीचे एखादे तटस्थ काम, उदाहरणार्थ त्या तासाभरात दूरध्वनी सांभाळणे, स्वतःहून घेता आले तर संबंध सहज टिकतात. दबाव वाढला, टोमणे सुरू झाले किंवा कामाच्या मूल्यमापनात ‘मिसळत नाही’ असा शेरा आला, तर तारखेसह नोंद ठेवून मनुष्यबळ विभागाकडे लेखी जावे.

कार्यक्रमानंतर

छायाचित्रे सामाजिक माध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती घ्यावी. कार्यालयात सणाला उभा राहिलेला माणूस आपल्या घरच्यांना किंवा समाजाला ते दिसावे असे इच्छीत असेलच असे नाही. सजावट दोन-तीन दिवसांत उतरवावी, मात्र धार्मिक चित्रे किंवा वस्तू कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. सण पाळणाऱ्या सहकाऱ्यांना विचारून त्या योग्य रीतीने परत द्याव्यात किंवा मार्गी लावाव्यात. आठवडाभर एक निनावी प्रश्नावली खुली ठेवावी आणि तिच्यात ‘कोणत्या क्षणी अवघडल्यासारखे वाटले?’ हा एकच प्रश्न विचारावा. ‘कार्यक्रम कसा वाटला?’ असे विचारले की सगळे ‘छान’ असेच लिहितात. आलेली उत्तरे, खर्चाचा हिशेब, खाण्याच्या घटकांच्या चिठ्ठ्या आणि पुढील वर्षाच्या अंदाजे तारखा एकाच धारिकेत ठेवून ती पुढच्या संयोजकाच्या स्वाधीन करावी.